सीटखालचा संसार

गाडी बंद पडली की माणूस बॉनेट उघडतो. उघडून पुढे काय करायचं हे बहुतेकांना ठाऊक नसतं, पण बॉनेट वर करून, कमरेवर हात ठेवून आत बघत राहिलं की मागून हॉर्न वाजवणाऱ्यांचा राग जरा निवळतो. मारुती व्हॅनच्या मालकाच्या नशिबात हे नाटक नाही. व्हॅनला नाकच नाही. काच संपली की रस्ता. इंजिन आहे ते पुढच्या दोन सीटांच्या खाली. त्यामुळे आधी पुढची माणसं उतरवायची, त्यांच्या मांडीवरच्या पिशव्या उतरवायच्या, पिशव्यांवर अलगद ठेवलेला देवाचा हार उतरवायचा, मग सीट उचलून मागे कलती करायची. तेव्हा कुठे ते ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन दर्शन देतं. तोवर हॉर्न वाजवणारे पुढच्या गावी पोचलेले असतात.

१९८४ मध्ये ही व्हॅन रस्त्यावर आली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ पर्यंत ती कारखान्यातून बाहेर पडत राहिली. एवढ्या वर्षांत तिनं शाळेची मुलं नेली, पेशंट नेले, मंडपाच्या कनाती नेल्या आणि हिंदी सिनेमात माणसंही पळवून नेली. पण तिच्याबद्दलची मुख्य गोष्ट अजून कुणी नीट सांगितलेली नाही, असं मला वाटतं. बाकी गाड्यांचं इंजिन घराबाहेर असतं. व्हॅनचं इंजिन घरात असतं. आणि घरात बिघडलेली वस्तू घरातल्याच वस्तूंनी दुरुस्त करायची असते, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत आहे.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा कोल्हापूरचे. उद्यमनगरात लेथवर त्यांची हयात गेली. हातात कायम मायक्रोमीटर. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला तर जॉब परत. असा माणूस निवृत्त झाल्यावर स्वतःच्या गाडीला काय अचूकपणे हात लावत असेल, असं कुणालाही वाटेल. पण मामांचं म्हणणं, "नोकरी येगळी, गाडी येगळी. गाडीला अंदाज लागतो." त्यांची व्हॅन १९९७ सालची आहे. पांढरी. म्हणजे कागदोपत्री पांढरी.

या व्हॅनमध्ये पुढची डावी सीट जावयाची, असा घरचा रिवाज आहे. मेहुणे मागे अंग चोरून बसतात, मेहुणीची मुलं सामानात कुठेतरी असतात, आणि मी पुढे एकटा, ऐसपैस. पहिल्या उन्हाळ्यातच मला या मानाचा अर्थ कळला. गाडीचा तापमानाचा काटा फार पूर्वी मधोमध येऊन थांबला आहे आणि तो बदलायची मामांना गरज वाटत नाही. अर्ध्या तासानं ते रस्त्यावरची नजर न काढता विचारतात, "पाव्हणं, खालनं कितपत ऊब लागत्या?" मी आंघोळीच्या पाण्यापासून चहाच्या पाण्यापर्यंत प्रामाणिकपणे उत्तर देतो. चहा म्हटलं की मामा सावलीचं झाड शोधायला लागतात. मागून मामी म्हणतात, "जावई हायत म्हणून कळतंय. न्हाईतर इंजान कवाच गेलं असतं." आजवर सासरी झालेलं माझं हे सर्वांत मोठं कौतुक.

आता हत्यारांकडे येऊ. मामांची हत्यारं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात. डब्यावर कुठल्याशा राजवाड्याचं चित्र आहे आणि आत फिक्स पाने, रिंग पाने, गोट्या, पकड, प्लग पाना आणि सुतळी. आपल्याकडे पाने मिळतात ते जोडीनं: दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा. आणि जपानी वंशाच्या या गाडीचे बहुतेक नट आहेत दहा, बारा, चौदा आणि सतराचे. म्हणजे प्रत्येक पान्याचं एक टोक राबराब राबतं आणि दुसरं टोक नुसतं सोबत म्हणून येतं. मामांच्या बारा-तेराचं बाराचं तोंड झिजून गोल झालंय. तेराचं अजून दुकानातल्यासारखं झळझळतं. मामी एकदा पाने पुसताना म्हणाल्या होत्या, "ह्यो झिजल्याला मी, आणि ह्यो चमकतोय त्यो तुमचा मामा."

बिस्किटांचा डबा ही मात्र फक्त सुरुवात. खरी हत्यारं घरभर पसरलेली असतात आणि ती त्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी वापरात असतात. प्लग काढला की आधी त्याचं टोक बघायचं. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक; काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय; पांढरं फटक असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन आत भाजतंय. इथवर मामा शास्त्रशुद्ध. मग प्लग घासायचा. त्याला टूथब्रश लागतो. जुना टूथब्रश या नावाखाली आमच्या घरातून जे ब्रश गेले, त्यांतल्या काहींचे मालक त्याच सकाळी ते शोधत होते. मग प्लगचा गॅप. पुस्तकात तो ०.७ ते ०.८ मिलिमीटर दिलाय. मापायला फीलर गेज नावाची पात्यांची जुडी मिळते आणि मामांकडे ती आहेही. कपाटात, कापडात गुंडाळून. कामाला मात्र हॅकसॉचं तुटकं पातं. डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, आतल्या पॉइंटचा गॅप त्याहून कमी, तिथं पातं जात नाही. तिथं मामा खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढतात. हे कार्ड एका विमा एजंटाचं आहे. त्या गृहस्थांनी अनेक वर्षं मामांच्या दारात खेटे घातले, एक पॉलिसी खपली नाही, पण व्हॅनचं टायमिंग त्यांच्या कार्डावर चाललंय. मध्ये ते स्वतः भेटले तेव्हा मामांनी त्यांना मनापासून सांगितलं, "तुमचं कार्ड लई उपयोगी पडतंय." त्या भल्या माणसानं लगेच आणखी दहा काढून दिली.

कार्बोरेटरचं जेट चोंदलं तर त्यात तार घालायची नाही, हा मामांचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. जेटचं भोक मिलिमीटरच्या आसपासचं, पितळ मऊ. तारेनं ते भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल प्यायला लागते. त्यामुळे तिथं फुंकर, फार तर ब्रशचा एकच केस. (पेट्रोलचा वास येणाऱ्या तोंडानं मामा नंतर नातवाचा पापा घ्यायला जातात आणि नातू पलंगाखाली.) क्लचची वायर कोरडी पडली की खोबरेल तेल. सरकतं दार अडकलं की लोडशेडिंगसाठी ठेवलेली मेणबत्ती रुळावर घासायची. या दाराबद्दल थोडं सांगायला हवं. सिनेमात हेच दार सर्रकन उघडतं, दोन हात बाहेर येतात, नायिका आत, दार बंद, गाडी गायब. मामांच्या व्हॅनच्या दाराचे रोलर झिजलेत, खालच्या रुळात माती बसून तिचा दगड झालाय. दार उघडायला बाहेरून एकानं ओढावं लागतं आणि आतून एकानं ढकलावं लागतं. या व्हॅनमधून कुणाला पळवायचं असेल तर त्याची आधी संमती घ्यावी लागेल.

पेट्रोलच्या टाकीला एकदा बारीक गळती लागली, तेव्हा मामांनी धुण्याचा साबण ओला करून तिथं दाबून बसवला. मला तो वेडेपणा वाटला. पण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. जुने ट्रकवाले हेच करतात आणि गॅरेजपर्यंत पोचतात. प्रश्न एवढाच की मामांना गॅरेजपर्यंत पोचायची घाई नव्हती. मामींनी धुणं थांबवलं. संपूर्ण घर कालच्या कपड्यांत बसून राहिलं, तेव्हा कुठे टाकी उतरली आणि वेल्डिंगला गेली; तीही आधी रिकामी करून, धुऊन, पाणी भरून, कारण टाकीतल्या वाफेशी खेळ करू नये एवढं लेथवाल्यांना पक्कं ठाऊक असतं.

पण या सगळ्यात शिखर आहे हळद.

रेडिएटरला बारीक छिद्र पडलं की त्यात हळद टाकायची, हा उपाय मामांचा नाही. आपल्याकडच्या वाटेवरच्या मेस्त्र्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बारीक पूड पाण्याबरोबर फिरते, फुगते, छिद्रापाशी जाऊन बसते आणि गळती थांबते. तोटा असा की जी पूड छिद्र बुजवते तिला छिद्र कोणतं आणि नळी कोणती यातला फरक कळत नाही. जास्त टाकली तर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात आणि मग इंजिन तापून मानाच्या सीटवर बसलेल्याला ते सगळ्यात आधी समजतं. चमचाभर हळद हा तात्पुरता उपाय आहे. मामा चमचा घेत नाहीत, डबा घेतात.

आणि डबा सांगलीच्या हळदीचा. सांगलीची बाजारपेठ हळदीसाठी नावाजलेली, २०१८ मध्ये तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. मामींचे भाऊ दर वर्षी तिथून बहिणीसाठी वर्षाची हळद पाठवतात. ती हळद रेडिएटरमध्ये गेली हे मामींना कुणी सांगितलं नव्हतं. गाडी तापली, झाकणातून वाफ निघाली, आणि आख्ख्या गल्लीत वरण फोडणीला टाकल्याचा वास सुटला. मामी दारात आल्या. त्यांनी वास घेतला. "माझ्या भावाची हाय," एवढंच म्हणाल्या. माहेरची हळद वासावरून ओळखणं हा किस्सा मी पुण्यात सांगतो तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही.

शेजारच्या एकानं तेव्हा सुचवलं होतं की हळदीपेक्षा अंडं फोडून टाका, गरम पाण्यात शिजतं आणि छिद्रात घट्ट बसतं. हाही ऐकीव उपाय आहे. पण ही व्हॅन दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाते. मामींनी त्या शेजाऱ्याकडे असं बघितलं की तो अजून गाडीपासून चार हात लांब उभा राहून सल्ला देतो.

सल्ला थांबत मात्र नाही. ज्या गावात देशभरच्या गाड्यांच्या इंजिनांचं कास्टिंग ओतलं जातं, त्या गावात सीट उचललेली गाडी दिसली की प्रत्येकाला हे इंजिन आपल्याच हाताखालून गेलंय असं वाटतं. एक जण येतो आणि म्हणतो, करंट येत नाही. दुसरा म्हणतो, करंट येतोय, पेट्रोल येत नाही. तिसरा काही म्हणत नाही, नुसता मान हलवतो; सगळ्यात घाबरवणारा तोच. चौथा चहा आणतो, आणि मग कुणी जात नाही. तीन सिलिंडरमधला एक मिसिंग मारत असेल तर प्लगच्या वायरी चालू इंजिनावर एकेक काढून बघायच्या असतात. जी काढल्यावर इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तिचा सिलिंडर आधीच मेलेला. गर्दीतला एक उत्साही पोरगा एकदा तिन्ही वायरी एकदम काढून मोकळा झाला. या इंजिनात ठिणगी पडायचा क्रम एक-तीन-दोन. निवृत्त गणिताचे सर गर्दीत होतेच. त्यांनी सांगितलं, तीन वायरी तीन ठिकाणी लावायच्या एकूण सहा तऱ्हा होतात आणि त्यांतली एकच बरोबर, तेव्हा सावकाश विचार करा. पोरानं तोवर लावल्यासुद्धा. सेल्फ मारला, कार्बोरेटरमधून फाट्‌कन ज्वाळ उठली आणि मागोमाग काळा लोट. कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं, "जाळ आणि धूर संगटच!" कोल्हापुरात एरवी कौतुकानं म्हणायचं हे वाक्य इतकं तंतोतंत खरं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

गल्लीत निदान चहा असतो. घाटात तोही नसतो. मे महिन्यात कोकणातून आंबे घेऊन परत येताना वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला यायचं. उतरताना ही व्हॅन एखाद्या नव्या गाडीला लाजवील. चढताना आत माणसं, माणसांच्या मधे पेट्या, पेट्यांवर फणस, आणि ओढायला पस्तीसेक अश्वशक्ती. घाटाच्या निम्म्यात इंजिन दोन आचके देतं आणि गप्प होतं. प्लग ठीक, करंट ठीक, टाकीत पेट्रोल आहे. पण सीटखालच्या त्या भट्टीत पंपापाशी आणि नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते, आणि पंप पेट्रोल ढकलू शकतो, वाफ ढकलू शकत नाही. उपाय एकच: पंप गार करायचा. ओलं फडकं गुंडाळायचं आणि वाट बघायची.

सीटवरच्या पेट्या उतरवून, सीट उचलून, मामा मागे हात करतात आणि फडकं मागतात. गाडीत कापड एकच असतं, पोळ्यांचं. मामी पोळ्या वर्तमानपत्रावर काढून ठेवतात, न बोलता. फडकं भिजतं, पंपावर बसतं, सगळे कठड्यावर बसून पोळी आणि तिखट चटणी खातात, येणारी-जाणारी एसटी हळू होते, ड्रायव्हर खाली बघून विचारतो, "वाफ झाली काय?" या घाटात ही व्याधी इतकी ओळखीची आहे. थोड्या वेळानं गाडी एका आवाजात सुरू होते. फडकं मामी परत घेतात, हुंगतात आणि दरीत टाकायला निघतात. मामा ते हातातून काढून घेऊन सीटखाली ठेवतात. "पुढच्या टायमाला." त्या एका वाक्यावरून गगनबावड्यापासून रंकाळ्यापर्यंत गाडीत दोन पक्ष पडतात.

इंजिनचं ऑईल मामा स्वतः बदलतात. नवीन घालायचं साधारण तीन लिटर. जुनं निघतं त्याच्या मागे गल्लीत रांग. कुणाला दाराच्या चौकटीला वाळवी लागलीय, कुणाला गोठ्याच्या मेढींना लावायचंय. मामा जळकं ऑईल वाटीवाटीनं वाटतात आणि त्या दिवशी त्यांचा रुबाब एखाद्या सहकारी दूधसंस्थेच्या चेअरमनचा असतो.

एका गोष्टीला मात्र ते हात लावत नाहीत, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ब्रेक. मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑईल, लायनर, यातलं काही आलं की डबा बंद. गाडी हळूहळू, हॅन्डब्रेकच्या भरवशावर, उद्यमनगरातल्या मेस्त्रीकडे. स्टीअरिंगचंही तसंच. "बंद पडली तर ढकलता येती, थांबली न्हाई तर काय करायचं?" व्हॅनला पुढे नाक नाही, म्हणजे समोरून काही आलं तर पहिला बंपर म्हणजे पुढे बसलेल्यांचे गुडघे. नव्या सुरक्षा-नियमांत ही रचना बसेना हे ओम्नी बंद होण्यामागचं एक कारण होतंच. घरगुती दुरुस्तीचे भक्त हे विसरतात. हळद रेडिएटरला चालते, लायनरला चालत नाही.

२०२२ मध्ये या व्हॅनच्या नोंदणीची मुदत पुन्हा संपली. पंधरा वर्षांनी एकदा आणि मग दर पाच वर्षांनी जुनी खाजगी गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून पुनर्नोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाली; पर्यावरण कर वेगळा. मेहुण्यांनी मुद्दा मांडला: गाडीची किंमत किती, फी किती, आता विकून टाकू. एक केटरिंगवाला घ्यायला तयारही होता. मामांनी वही काढली. त्यात त्यांनी आजवर वाचवलेली मजुरी लिहून ठेवली होती: प्लग साफ, इतके. क्लच वायर, इतके. पॉइंट, इतके. बेरीज भरघोस होती आणि शेवटी दोन रेघा. मग मामी आत गेल्या आणि त्यांनी त्यांची वही आणली. दुधाच्या हिशेबाच्या मागच्या पानांवर सगळं होतं: टूथब्रश, मेणबत्त्या, साबणाच्या वड्या, खोबरेल, फडकी, केसांचे रबर (हे कशाला लागले ते मला आजही माहीत नाही), आणि हळद, वर्षवार. दोन्ही वह्या गणिताच्या सरांकडे गेल्या. सरांनी चष्मा पुसला आणि निकाल राखून ठेवला. तो त्यांनी अद्याप दिलेला नाही. गाडी पासिंगला गेली, दिवे लागले, हॉर्न वाजला, वायपर हलला. सरकतं दार साहेबांनी उघडून बघितलं नाही, हे नशीब. पाच वर्षं मिळाली.

गेल्या खंडेनवमीला मी कोल्हापुरात होतो. अंगणात पाट मांडला होता, पाटावर बिस्किटांच्या डब्यातले पाने ओळीनं, हॅकसॉचं पातं, प्लग पाना, आणि मामांच्या आग्रहावरून विमा एजंटाचं कार्डही. व्हॅन धुऊन उभी होती, वायपरला झेंडूची माळ. मामा न्हाऊन, टोपी घालून ताटाची वाट बघत होते. मामी ताट घेऊन आल्या: निरांजन, अक्षता, कुंकू. हळदीची वाटी तेवढी त्यांनी ताटात न ठेवता स्वतःच्या मुठीत धरली होती. वाटीत चिमूटभर. ती मामांच्या हातात देण्याआधी त्या म्हणाल्या,

"ही भायेरनं लावायची."